मन्रोसाहेबांची सही, विल्हेल्माबाईंच्या चुलीवर

तीर्थस्वरूप कॉर्डेलियाताई,

धाकट्या अँब्रोजचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही थंडीत फार आखडले नसतील अशी आशा आहे. मी ठीक.

गेल्या वर्षी लिलावात मी अमेरिकेचे जुने राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्या सहीची, एका जमिनीची सनद घेतली, हे तुला कळवलंच होतं (पुढे पुढे राष्ट्राध्यक्षांच्या वतीनं कारकूनच सह्या करू लागले, ही मात्र त्यांच्या स्वतःच्या हातची. तू जांभई देतेयस, मला इथून दिसतंय). उजेडानं शाई उडते, म्हणून मी ती टॉवेलांच्या कपाटात ठेवली आणि पाहुण्यांना तिथे नेऊन टॉर्चनं दाखवू लागलो. पाहुणे हळूहळू कमी झाले. तुझी भावजय आडेलिया गेल्यापासून तसंही घरात फारसं कुणी येत नव्हतं.

मग वाटलं, सनदेतली जमीन तरी बघून यावी. ती कोशॉक्टन गावाच्या पलीकडेच निघाली. दार विल्हेल्मा स्टाउफर नावाच्या साठीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईंनी उघडलं. सनद ज्या याकोब स्टाउफरला मिळाली, त्याची ही खापरपणती (किंवा त्याच्याही खालची). बाईंनी चष्मा लावला, मन्रोसाहेबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि याकोबच्या नावावरून बोट फिरवलं (लोणी लागलेलं बोट, ताई!).

"अगंबाई, हा तर आमचा याकोब! काकानं आजीकडून पळवलेला कागद तो हाच. बरं झालं आणून दिलात."

आणून दिला नाही, दाखवायला आणलाय, असं म्हणणार तोच पुढ्यात अ‍ॅपल पाय आला. मी घास गिळेपर्यंत सनद कपड्यांच्या चिमट्यानं चुलीवरच्या दोरीला लटकत होती.

तेव्हापासून दर रविवारी मी तिकडे जातो, वाफेनं शाई कितपत उडाली ते तपासायला. मागायला तोंड उघडलं की त्यात काहीतरी वाढलं जातं. एकदा निर्धार करून जेवणाआधीच म्हणालो, "बाई, तो कागद माझा आहे."

"हो, आणि शेत माझं आहे. पुरावा तिथे टांगलाय. बसा, सूप गार होतंय."

बसलो. घरी येऊन टॉवेलांचं कपाट उघडलं. आत टॉवेल होते.

तुझा,
अँब्रोज

ता.क. मे महिन्यात आम्ही लग्न करतोय. विल्हेल्मा म्हणते, "माझ्यासाठी करताय की मन्रोसाठी, हे तुम्हाला ओळखणारं कुणीतरी मला सांगू दे." तर तू तिला चार ओळी लिही.

पुन्हा ता.क. खोटं लिहावं लागणार नाही. हल्ली रविवारी तो कागद तपासायचं राहूनच जातं.