टँकरवाल्याचा खरा रक्तदाब

३ मे, शुक्रवार. चौसाळा.

दवाखान्यात रक्तदाब चढा, घरी बरा. हा अनुभव कितीजणांचा तरी आहे. कारण विचारले की सगळे "भीती" म्हणून मोकळे होतात. भीती हे अर्धे उत्तर असावे. उरलेल्या अर्ध्याचा शोध घ्यायला आज निमित्त मिळाले.

दूध सोसायटीत आरोग्य शिबिर होते. जनावरांचे दूध आटल्यापासून सोसायटीचा टँकर वस्त्यांना पाणी पोचवतो. त्यावर चालक आमच्या शेजारचा बंकट. त्याचा रक्तदाब (र.दा.) १६८/१०२ निघाला. सेक्रेटरी नानासाहेबांनी जागेवरच बजावले, आठवडाभरात डॉक्टरांचे लिहून आण, नाहीतर चावी ठेव.

संध्याकाळी बंकट आणि त्याची बायको मुक्ता आमच्या ओट्यावर. कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, म्हणून गल्लीचे सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात.

"बाई, मला काईच हुत न्हाई. डोकं दुखत न्हाई, गरगरत न्हाई."

"डोकं दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, असं नसतं, बंकट."

मुक्ता म्हणाली, "डोकं हाय कुठं ह्यांना दुखायला."

४ मे, शनिवार.

सकाळी बंकटला माझ्या यंत्राने रीतसर मोजले. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, आधी पाच मिनिटे शांतता. ही शांतताच त्याला सर्वांत जड गेली. १३४/८४. थोड्या वेळाने पुन्हा, जवळपास तितकेच.

तिसऱ्या वेळी पट्टा फुगत असताना माझ्या तोंडून सहज गेले, "उद्या आपल्या गल्लीत खेप आहे ना?" तो सांगू लागला: विहिरीवरची मोटर बंद, वरच्या वस्तीची खेप आधी, मग... यंत्रावर १५२!

प्रयोगकर्तीनेच प्रयोग बिघडवला, पण काय सुंदर बिघडवला.

मग विचारले, शिबिरात पट्टा बांधला तेव्हा कोण बोलत होते?

"समदेच. शिस्टर म्हनल्या आमच्याकडं पानी कवा. चेअरमन म्हनले वरच्या वस्तीवर काहून गेला न्हाईस. म्या त्यांना सांगायलो हुतो."

त्याआधी उन्हात रांग. बाही वर सरकवून दंडाला आवळलेली. सकाळची खेप टाकून धावत आलेला. शिबिराच्या यंत्राने खोटे सांगितले नाही. पाण्याचा हिशेब देणाऱ्या माणसाचा र.दा. त्याने चोख मोजला.

६ मे, सोमवार.

दोन दिवस वाचन. बोलताना आकडा चढतो, हे संशोधनात पूर्वीपासून नोंदलेले आहे. लोंबता हात, अधांतरी पाय, तुंबलेली लघवी, अपुरा पट्टा यांनीही चढतो. म्हणजे "भीती"ला बरीच भावंडे आहेत.

मात्र शनिवारच्या माझ्या प्रयोगात एक भोक होते. बोलणे शेवटी आले. बसून बसून कंटाळल्यानेच आकडा वाढला नसेल कशावरून? औषधांच्या बातम्या वाचतानाही हीच शंका घ्यायला हवी: गोळी घेतली आणि बरे वाटले, पण त्या काळात आणखी काय काय बदलले? उपाय स्वस्त आहे. क्रम उलटा करायचा. आज आधी बोलका र.दा., मग विश्रांती, मग मुका. बोलका पुन्हा चढा, मुका पुन्हा खाली.

तरी एकच माणूस, दोनच सकाळी. फार फुगायला नको. (फुगले आहेच.)

९ मे, गुरुवार.

बंकट-मुक्ताला घेऊन शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंकडे. वयाने माझ्या विद्यार्थिनींसारखी. मी सगळे मांडले, क्रम उलटा केल्याचेही. तिने मन लावून ऐकले, मोजण्यातली चूक कबूल केली. मग विचारले, "मॅडम, पण हे दिवसात गप्प असतात तरी कधी?"

मुक्ता: "झोपल्यावर. तवाबी 'रांग लावा, रांग लावा' म्हनतेत."

सगळे हसले. मी थोडी उशिरा.

कारण प्रश्न बिनतोड होता. मी बोलण्याला मोजणीतला कचरा समजून बाजूला काढत होते. या दुष्काळात टँकर दिसला की माणूस आधी विचारतो, मग नमस्कार करतो. बंकटचा दिवसच त्या प्रश्नांचा आहे. खुर्चीत शांत बसलेला बंकट फक्त माझ्या घरी असतो. शांत बसल्यावर ठीक आणि कामावर चढा, अशीही माणसे असतात; त्यांचा धोका हलका धरू नये, असे अभ्यास सांगतात. हे मी सोमवारीच वाचले होते. आपले म्हणणे सिद्ध होत असताना असली वाक्ये डोळ्यांखालून निसटतात.

ठरले: बीडला दिवसरात्र दंडावर बांधायचे यंत्र मिळते, ते सोमवारी लावायचे. गोळीचा निर्णय त्यानंतर.

११ मे, शनिवार.

बंकटला घेऊन नानासाहेबांकडे गेले. आठवडा उलटला होता. त्यांना पट्टा, हात, बोलणे, सगळे समजावले.

"बाई, तुमचं खरं असंल. पर चेअरमनला काय सांगू? गडी गप बसला की बरा ऱ्हातो म्हनून?"

"सोमवारी यंत्र लावू द्या एवढंच सांगा."

"अन् गाडीवर काई झालं मंजी?"

प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांनी यंत्राचा निकाल येईपर्यंत मुदत दिली. नव्या चालकाचे नाव मात्र बोलून ठेवले, बंकटच्या देखत.

१२ मे, रविवार.

उद्या यंत्र. डॉक्टरीणबाईंची सूचना: पट्टा फुगू लागला की गाडी कडेला घ्यायची, हात स्थिर ठेवायचा.

बंकट म्हणाला, "बाई, गाडी थांबली की मानसं येतेत. अन् इचारतेत."

"येऊ देत. तू रोज जसा वागतोस तसाच वाग."

मुक्ता मागे राहिली. "गोळी लागली तर चावी ऱ्हाईल का?" गोळ्या घेऊन र.दा. ताब्यात राहिला तर गाडी चालवता येते, हे सांगितले. नानासाहेब तसे मानतील का, ते सांगता आले नाही. आकडा खाली निघावा असे मला वाटते आहे. म्हणून निकाल मी वाचायचा नाही, डॉक्टरीणबाईच वाचतील.

दरम्यान बोलका-मुका प्रयोग स्वतःवर करून पाहिला. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याला जमेल. पाच मिनिटे टेकून गप्प बसा, मोजा. थोडे थांबा. पुन्हा पट्टा चढवा, आणि तो फुगत असताना घरातल्या कुणाला तरी आजचे सर्वांत कटकटीचे काम समजावून सांगा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा, दिवसातला जास्त वेळ आपण कुठल्या आकड्यात असतो.