रिकामी टाकी, हलकी बिल्डिंग

३ फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीची मीटिंग. आपली बिल्डिंग भूकंपात टिकेल का, ते तपासायला इंजिनीअर येणार, देशमुख मॅडम. टिकणार असेल तर डागडुजी. नाहीतर घरं खाली करून बिल्डरच्या हवाली. सेक्रेटरी परबकाका जिन्यात म्हणाले, "बिल्डरचं माणूस नसलं म्हणजे मिळवली." मलाही तेच वाटतंय.
आईला दिसत नाही. या घरात भिंतीला हात लावून फिरते. भाड्याच्या घरात तिला कसं...

५ फेब्रुवारी, गुरुवार
दत्ताची आरती आटोपली, तोच मॅडम भेगा पाहायला आल्या. मी सरळ विचारलं, भूकंप कधी येणार ते तुम्हाला कसं कळतं?
"कळतच नाही, काका. आला तर इथली जमीन किती हलेल आणि बिल्डिंग किती सोसेल, एवढा अंदाज काढतो."
इथे पूर्वी भातखाचरं होती, खाली भराव आहे, म्हणून हादरा वाढतो म्हणे. "एक वाटी पाटावर ठेवा, एक खरवसावर. मग दोन्ही हलवून बघा."
आई आतून म्हणाली, "खरवसावर वाटी कोण ठेवतं गं?"
मॅडम हसल्या. मी नाही. गोड बोलणाऱ्याची जास्त भीती वाटते.
आमच्या पाटणकडच्या गावात धक्के नेहमीचे. शाळेत गुरुजी आम्हाला पाट्या तिथेच टाकून मैदानात पळवायचे. अंदाज कसला नि काय.

८ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर आणि तळमजल्यावर यंत्रं लावली. वाऱ्याने, रस्त्यावरच्या ट्रकनेही बिल्डिंग बारीक झुलते. तो झोका मोजून कॉम्प्युटरवर बनवलेल्या बिल्डिंगशी ताडून पाहतात. मी मॅडमच्या हातांवर नजर ठेवून होतो. लबाडी दिसली नाही.
नळाला मात्र सकाळपासून पाणी नव्हतं. त्या गेल्यावर टाकीवर थाप मारली. पोकळ.
परबकाका म्हणाले, "मीच सोडली काल. वरचं ओझं गेलं, बिल्डिंग हलकी. पास होईल बघ."
"अहो, वजनकाट्यावर चढवलीय का तिला?"
"तू गप. तुझ्या आईसाठीपण केलंय."
मी खाली उतरलो.

९ फेब्रुवारी, सोमवार
नौपाड्यात ऑफिसला. कामात लक्ष नाही. गप्प राहिलो तर घर राहील. पण कशावर उभं, हे कोणालाच कळणार नाही. जेवणाच्या सुट्टीत मॅडमना फोन केला. टाकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. टाकी भरलेली असली की झोका बदलतो. पुन्हा मोजू."
आता निकाल कसा लागेल? "ते मोजल्याशिवाय कसं सांगू, काका?"

१५ फेब्रुवारी, रविवार
टाकी काठोकाठ. पुन्हा मोजणी. परबकाका सगळ्यांसमोर, "बिल्डरने काय कबूल केलंय रे तुला?" एकानेही त्यांना अडवलं नाही. शेजारच्या वहिनींनी दार लावून घेतलं. मी मॅडमकडे पाहायचो, तसेच आता सगळे माझ्याकडे पाहतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
निकाल अजून नाही. मॅडमनी फोन उचलला नाही. कामात असतील. की...
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "केलंस ते बरं केलंस." मग भिंत धरून स्वयंपाकघरात गेली, नेहमीपेक्षा हळू.
देवापुढे बसलो. बिल्डिंग भक्कम निघो म्हणू, की मोजणी खरी निघो म्हणू? दोन्ही एकदम मागता येतं का?