मळलेली कड

प्रिय खारूताई,

परवा सकाळी मी कटिंग मशीनचं पातं खाली आणता आणता थांबलो. पुस्तकांची चळत पात्याखाली दाबून बसवलेली, माझा हात चाकावर, आणि मी आपला पुतळ्यासारखा उभा. वाचनालयातल्या माझ्या बांधणीच्या खोलीच्या दारातून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काय हो, आज हजेरी लांबली वाटतं?" सकाळचं पहिलं पुस्तक हातात घेताना मी डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घेतो, हे तुला ठाऊकच आहे. त्याला त्या हजेरी म्हणतात. पण परवाचं थांबणं ते नव्हतं. ते तुझ्या फोनमुळे होतं.

तुझा तो फोन मला अजून जसाच्या तसा आठवतो. "दादा, कम्प्युटरचं प्रोग्रामिंग शिकायला अगदी पहिलं असं एक पुस्तक सुचव ना. ओळखीतल्या एका बाईंना हवंय. त्यांना त्यातलं काहीच येत नाही." मी म्हटलं, अगं, मी पुस्तकं शिवतो, सगळी वाचत नाही; गवंडी काय बांधलेल्या प्रत्येक घरात राहायला जातो? तर म्हणालीस, "तरी पण दादा, तुझ्या हाताखालून जातात ना सगळी?" आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करून घाईघाईने फोन ठेवलास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच तोडता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानात गेलो. त्या विषयाचं एक अख्खं कपाट होतं, आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या तोंडावर 'सोपं' असं लिहिलेलं. सगळीच सोपी असतील तर एवढी कशाला, असं माझ्या मनात आलं. विक्रेता चटपटीत होता. "काका, मुलासाठी का?" म्हणाला. मी म्हटलं, एका बाईंसाठी. त्याने सगळ्यांत जाड पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं. "हे घ्या, यात सगळं आहे." पोहायला शिकायला आलेल्या माणसाला कुणी समुद्र दाखवतं का? मी ते चाळलं, कण्यावरून अंगठा फिरवला आणि रिकाम्या हाताने घरी आलो. तुझी वहिनी म्हणाली, "एक पुस्तक आणायला गेलात की मुलगी बघायला?"

आता परवाचं. वाचनालयातून डागडुजीला आलेल्या गठ्ठ्यात नेमकी त्याच विषयाची पुस्तकं होती. जुनं पुस्तक नव्याने बांधलं की मी त्याच्या तिन्ही कडा हलकेच कापतो. मळ जातो, पुस्तक न्हाऊन आल्यासारखं दिसतं. वर्षानुवर्षं हेच करत आलो. चाक फिरवणार, तेवढ्यात खिडकीतून ऊन त्या कडांवर पडलं आणि मला दिसलं, की मी काय कापून टाकायला निघालो होतो. अगं, कडेवरचा मळ म्हणजे वाचणाऱ्यांची बोटं. लोक कुठपर्यंत चालत गेले आणि कुठून परत फिरले, ते सगळं तिथे उमटलेलं असतं. वाट मळलेली असते ना, तसं. आणि मी इतकी वर्षं ती वाट साफ करून, वर पॉलिश केल्यासारखी चकाचक करून देत होतो.

चळत सोडवली आणि एकेक पुस्तक खिडकीशी धरून पाहिलं. जाड पुस्तकांची गोष्ट एकसारखी. सुरुवातीची बोटभर कड काळपट, आणि पुढे दुधासारखी पांढरी. किती जणांनी हौसेने सुरुवात केली असेल आणि मुकाट्याने पुस्तक परत करताना स्वतःलाच मठ्ठ म्हटलं असेल, या विचाराने मला गलबलून आलं. खरं तर चुकलं कुणाचंच नव्हतं. पहिलंच पाऊल टाकताना शेवटचा डोंगर हातात घेऊन चालायचं, म्हणजे दम लागणारच.

एक बारीक पुस्तक मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलेलं होतं. मी हरखलो. ग्रंथपाल बाईंना अभिमानाने दाखवलं. त्यांनी उघडून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. शेवटी सगळ्या प्रश्नांची उत्तरं छापलेली होती! मंडळी सुरुवातीची पानं वाचत होती आणि सरळ उत्तरांवर उडी मारत होती. मधला भाग कोरा करकरीत. नीट पाहिलं असतं तर मलाही दिसलं असतं, पण माणसाला हवं ते आधी दिसतं.

मग तळाशी एक मध्यम जाडीचं पुस्तक सापडलं. दिसायला अगदी साधं. त्याची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत मळत गेलेली, फिकट होत गेलेली पण कुठेच न तुटलेली, आणि मध्ये एका ठिकाणी तर गडद पट्टा. लोक तिथे पुन्हा पुन्हा आले होते. उघडलं तर तो धडा होता एकच काम यंत्राकडून अनेकदा करून घेण्याचा. लेखकाने घाई केलेली नाही. एक गोष्ट सांगतो, करून बघायला लावतो, चुकलं तर काय चुकलं असेल तेही आधीच सांगून ठेवतो. आपल्या शाळेतले गुरुजी पाटीवर हात धरून गिरवून घ्यायचे, तसा माणूस वाटला.

पण कडेवर विसंबून एकदा फसलो होतो, म्हणून स्वतः करून पाहायचं ठरवलं. वाचनालय उघडण्याआधी बाईंनी मला वाचनकक्षातल्या कम्प्युटरवर बसू दिलं. पहिल्यांदा जे लिहिलं ते यंत्राने सपशेल नाकारलं. कंस उघडला होता, मिटायला विसरलो होतो. बाई म्हणाल्या, "दार उघडं टाकून आलात." दार लावलं, तसं चाललं. मग धीर आला. मोठ्या कागदाच्या घडीत सोळा पानं बसतात, हे तू माझ्याकडे पाहिलं आहेस. पहिल्यासमोर सोळावं, दुसऱ्यासमोर पंधरावं, कोणतीही जोडी घे, बेरीज सतराच. मी यंत्राला तेवढंच सांगितलं, आणि त्याने सगळ्या जोड्या एकाखाली एक मांडून दिल्या. मी बघतच राहिलो. नवं असं काहीच कळलं नव्हतं, पण माझंच रोजचं काम कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटलं. बाईंना म्हटलं, बघा, ऐकतंय माझं. त्या म्हणाल्या, "घरी कुणी ऐकत नाही वाटतं!"

तो गडद पट्ट्याचा धडा वाचताना मला सारखी तूच दिसत होतीस. पायरीवर बसून तू विणायचीस, ओठ हलत असायचे. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट, सुई संपेपर्यंत. मध्ये हाक मारली की फक्त भुवई उडवायचीस. ओळ संपल्याशिवाय आमची खारूताई बोलायची नाही. त्या धड्यात दुसरं काय आहे? एवढं कर, पुन्हा कर, ओळ संपली की थांब. लोक ज्या पानापाशी अडून अडून परत आले, ते तुला फ्रॉक घालायच्या वयापासून येतं.

आता मी 'तुला' असं लिहिलंय, ते चुकून नाही. लहानपणी तुला दुसरी गोळी हवी असली की तू काय म्हणायचीस? "मैत्रिणीला हवीय." ती मैत्रीण आम्ही कधी पाहिली नाही. परवा मेहुण्यांना सहज फोन केला. ते बिचारे सरळ माणूस. म्हणाले, तिच्या स्वेटरच्या कारखान्यात कम्प्युटरवर चालणारी मशीनं येणार आहेत, ज्यांना शिकायचंय त्यांनी महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचंय, बाकीच्यांची रवानगी पॅकिंगला. "ती रोज नाव द्यायचं म्हणून निघते आणि न देता परत येते. तरुण पोरी हसतील म्हणते." बाई गं, इतकी वर्षं विणकाम करून तू खोक्यांना चिकटपट्टी लावत बसणार? तुझा हात कापडाला लागला नाही तर तुला करमायचं नाही, हे मला माहीत आहे. पुढचं देवाच्या हाती. पण नाव देणं तुझ्या हाती आहे.

मी दुकानातून त्याच पुस्तकाची नवी प्रत आणली. आणली आणि तशीच टेबलावर ठेवून दिली. कारण मनात एक गोष्ट आली होती आणि हात धजत नव्हता. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक, उघडून ठेवलं की मिटतं. टाइप करताना दोन्ही हात गुंतलेले, मग पान धरणार कोण? आणि ती जाडी. कितीही चांगलं असलं तरी तू ते हातात घेशील, वजन करशील आणि बाजूला ठेवशील. त्या पांढऱ्या कडा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. पण देवाने मला फाटलेलं शिवायला बसवलंय. धडधाकट नवं पुस्तक मी आजवर कधी फाडलं नव्हतं. हे तुझ्या वहिनीपुढे बोललो, तर भांडी पुसता पुसता म्हणाली, "कलिंगड कापल्याशिवाय कुणी खातं का? की तिने अख्खं गिळायचं?"

आज सकाळी हजेरी दिली, सुरी घेतली आणि ते पुस्तक कण्यापासून सोडवलं. त्याचे बारीक बारीक भाग केले, दोऱ्याने शिवले, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा चढवला. टेबलावर उघडून ठेवलं की आता मुकाट पडून राहतात. सोबत फक्त पहिला भाग पाठवतोय. खिशात मावेल एवढाच आहे. बाकीचे माझ्याकडे आहेत आणि मीही तुझ्याबरोबर वाचतोय. हा संपला की दुसरा न्यायला तू यायचंस, पोस्टाने मिळणार नाही. कड मळलेली असली पाहिजे, मी तपासणार आहे. आणि हो, तो त्या ओळखीतल्या बाईंना देता यायचा नाही. पुठ्ठ्यावर तुझं पूर्ण नाव अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून सोनेरी ठसवलंय, आता ते खोडलं जाणार नाही. कारखान्यात नाव द्यायचं ते तूच दे. पुस्तकावर मी देऊन टाकलंय.

तुझाच,
दादा