फळीवरचं मेण

प्रिय गजू,

तीनदा आंघोळ करूनही अंग चिकट लागतंय. कानात वाळू आहे, घशात खारं पाणी आहे, दोन्ही गुडघे सोलून निघालेत आणि या खोलीच्या खिडकीखाली कुणीतरी बांगडे वाळत घातलेत. अशा अवस्थेत मी तुला पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे माझं डोकं किती फिरलंय ते समजून घे. घरी असते तर लिहिलं नसतं. तिथे तुझ्याविषयी बोलणारेच इतके झालेत की तुझ्याशी बोलायला जागा उरली नाही. उद्या सकाळी तुझी फळी घेऊन मी पुन्हा पाण्यात उतरणार आहे. त्याआधी तुला ऐकवायचं ते ऐकवून घेते.

हा समुद्र तुला आवडला तरी कसा रे? पायाखाली काय बुळबुळतं ते दिसत नाही. पाण्यात फेस, फेसात कुणाची तरी गुटख्याची पुडी, आणि तेच पाणी तोंडात! केळापूरच्या जत्रेत पाळण्यात बसलास की खाली उतरून ओकायचास तू. तुझा शर्ट मीच धुतला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सातवीत होतास, नाक गळत असायचं. असा मुलगा मालवणच्या पुढे जाऊन लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो, हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या भावाने मला वेड्यात काढलं होतं.

पावसाळ्यात तुमचा वर्ग बंद. मग तू घरी यायचास. शेतातली डवरणी झाली की अंगणात लाकडाचा गोल ओंडका आडवा टाकायचास, त्यावर जुन्या दाराची फळी ठेवायचास आणि तिच्यावर चालायचास. चालणं तरी कसलं! एक पाय दुसऱ्यावरून पुढे, कैचीसारखा. टोकाला पोचलास की फळी कलंडायची आणि तू तुळशीत. आई आतून ओरडायची की पोरगा कामातून गेला. मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशासाठी? तू म्हणालास, लांब बोर्डावर चालत चालत नाकापर्यंत जायचं, पायाची दहाही बोटं बाहेर काढायची आणि लाट संपेपर्यंत उभं राहायचं. याला नोजराइड म्हणतात. मी पोट धरून हसले होते. अरे, पुढे जाऊन उभा राहिलास तर पुढचं टोक बुडणार, एवढंही कळत नाही?

मग तू मला कापसाच्या गाडीवरून समजावलंस. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं ना, तसंच. लाटेचं पाणी बोर्डाच्या मागच्या टोकावर चढून बसतं, ते दाबून धरतं, म्हणून पुढे माणूस उभा राहू शकतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. पण सगळ्या बोर्डांना ते जमत नाही, असंही तू म्हणालास. तुझा पहिला बोर्ड तर अगदीच टाकाऊ निघाला. टोकदार नाकाचा, हलका, पातळ, वर लाल पट्टे. तुझ्या दादाने पहिली मोटरसायकल घेतली तसा तू तो रंग पाहून घेतला होतास. पुढे पाऊल टाकलं की नाक पाण्यात घुसायचं आणि तू त्याच्या मागोमाग. जड हवा, रुंद नाकाचा हवा, नाकाच्या पोटाशी थोडा खोलगट हवा, मागे चौकोनी आणि खाली माशाच्या परासारखा एकच मोठा फिन असलेला हवा, हे तुला तुमचा वर्ग चालवणारा बाबल पहिल्या दिवसापासून सांगत होता. तसा एक त्याच्या शेडमध्ये पडूनही होता. पण त्याचा रंग नासलेल्या कढीसारखा, म्हणून तू दोन हंगाम त्याच्याकडे वळून पाहिलं नाहीस!

शेवटी घेतलास. आणि मे महिन्यात तुझा फोन आला. मी हळद कुटत होते. तू म्हणालास, "वहिनी, पोचलो मी टोकावर. दहाच्या दहा बोटं बाहेर." बोर्डावर पाय घसरू नये म्हणून तुम्ही जे मेण घासता, त्यात टोकाशी तुझ्या दोन पावलांचे दाबलेले ठसे राहिले होते. त्यावर तू नवं मेण लावलंच नाहीस, मला दाखवायचं म्हणून. दिवाळीनंतर मी आणि तुझा दादा येणार होतो. घरात बाकी कुणाला सांगू नको म्हणालास, हसतील. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं का रे?

पोळा झाला आणि तू तापाने पडलास. डेंग्यू. समुद्र तिथून शेकडो कोस लांब. तू कापसाच्या गावात, आपल्या घरात, लोखंडी खाटेवर आजारी पडलास आणि यवतमाळच्या दवाखान्यात गेलास. तरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता म्हणायचा, पाण्यानंच नेला शेवटी! मी सांगायचे, पाण्याने नाही, तापाने. ते मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला सांगायचे, पाण्याने नेला. एका बाईने तर तू लहानपणी विहिरीत वाकून पाहायचास ते आठवून डोळे पुसले. या माणसांची मला शिसारी आली आहे, गजू. खोटं बोलतात म्हणून नाही. खोटं बोलताना त्यांना जे सुख होतं ना, त्याची.

तुझी शिसारीही कमी नाही आली. अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये वळवळणाऱ्या अळ्या मी तू गेल्यावर पाहिल्या. लाट लांब असतानाच ती कुठे फुटणार हे कळणारा तू, उशाशी टांगलेली मच्छरदाणी खाली सोडायला तुला काय झालं होतं? गुदमरतं म्हणे!

तेरवीच्या आदल्या दिवशी बाबलने पाठवलेला तुझा बोर्ड ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून आला, गादीत गुंडाळून. मी स्वयंपाकात अडकले होते. बुंदी, भाजी, पन्नास माणसांची कणीक. बाहेर आले तर आई बोर्डाशेजारी बसलेली, हातात उलथनं, बाजूला गरम पाण्याची बादली. सगळं मेण खरवडून टाकलं होतं. वरून धुण्याची पावडर, वरून काथ्या. मग जवसाचं तेल चोळून चोळून जिरवलं, गाडीच्या लाकडाला लावतो तसं. हळद, कुंकू, झेंडूचा हार. बोर्ड आरशासारखा चमकत होता आणि तुझी पावलं नालीत वाहत होती. मला ओकारी आली, खरंच आली. मी गोठ्यामागे जाऊन ओकले. लोक म्हणाले, वहिनीचा जीव होता त्याच्यावर.

नालीतून जेवढं सापडलं तेवढं मेण मी उचललं. राखाडी गोळा, त्यात वाळू, केस, कोंबडीचं पीस. हात लावायची लाज वाटावी असा. तो मी स्टीलच्या डबीत घालून तिखटाच्या बरणीमागे ठेवला. वर्षभर त्या घरात आईशी मी कामापुरतं बोलले.

वर्षश्राद्धाला तर कहर झाला. एका पुढाऱ्याची माणसं येऊन बोर्डाचं माप घेऊन गेली. बसथांब्याजवळ तो उभा करायचा, त्यावर तुझा फोटो, खाली 'सागरवीर', आणि वर पुढाऱ्याचा फोटो, तुझ्याहून मोठा. बाबांनी होकार दिला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांसमोर आवाज चढवला, हे खोटं कशाला लिहू देता म्हणून विचारलं. बाबा तुरीच्या पोत्यावर बसून होते. म्हणाले, "डेंगून मेला मनलं का लोक चहा पिऊन निंगून जातेत बाई. समुद्रानं नेला मनलं का घडीभर बसतेत."

मग म्हटलं, "बाबा, समुद्रानं त्याले काहीच नाही केलं. त्याच्यावर आळ कायले घेता? ते फळी मी तिकडं घेऊन जातो."

बाबांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती माणसं आली तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. दिवाळी झाल्यावर पांढरकवड्याला न्यायला गाडी आली तेव्हा बोर्ड बाबांनीच चढवला. मी पिशव्या पुढच्या टोकाशी रचत होते, तर त्यांनी त्या उचलून मागे सरकवल्या आणि टोक मोकळं ठेवलं. जन्मभर गाड्या भरलेला माणूस, त्याला कोण शिकवणार?

तर अशी मी इथे आले, तुझ्या दादाला घेऊन. तो किनाऱ्यावर चपला हातात धरून उभा असतो आणि ओळखीचं कुणी दिसतं का ते पाहत असतो. मालवणच्या पुढे आपल्या ओळखीचं कोण येणार आहे? मला त्यांनी तो अंगाला चिकटणारा काळा शर्ट घालायला दिला. ओला, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा वास असलेला. तुझ्या बाबलने बोर्ड उन्हात ठेवला, वर हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. मला विचारलं, "ताई, ह्येका तेल कोणी लावल्यान?" काय सांगणार? आमच्याकडे अशीच पद्धत आहे म्हणाले. अर्धा दिवस ते तेल काढण्यात गेला. तरी आज पाण्यात मी पोटावर झोपले की बोर्ड खालून निसटायचा, वितळलेल्या लोण्यावर झोपल्यासारखा. एकदा गुडघ्यावर उठले. एकदाच. लाटेने मला उचलून वाळूत असं आपटलं की तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार माझ्या तोंडून झाला, आणि त्यात माझी सासरची सगळी माणसं आली.

पण त्या गुडघ्यावरच्या क्षणी, गजू, मागून कुणीतरी बोर्ड धरून ठेवल्यासारखं वाटलं. पाणीच ते. तू सांगितलं होतंस तसंच. मला रडू आलं आणि तेवढ्यात तोंडात पाणी गेलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी जे वर्षभर बोलले नव्हते ते सगळं बोलून घेतलं. तेलामुळे काय झालं ते सांगितलं. मेणात काय होतं तेही सांगितलं. त्याची पावलं होती, त्याने ती माझ्यासाठी ठेवली होती, ती तुम्ही उलथन्याने खरवडून नालीत टाकली. सगळं.

मग आई म्हणाली, "पोराले आखरीची आंघोळ माणसायनं घातली. मले हात लावू नाही देल्ला कोणी, आत कोंडून ठेवलं बायकायनं. मंग त्याची फळी आली. मनलं, इले तं मी घालीन."

तुला आठवतं का, दिवाळीत आई तुला कशी घासायची? कातडं निघेल एवढं. तू ओरडायचास आणि ती आणखी तेल चोळायची.

मी फोन ठेवला. बाहेर जाऊन सोबत आणलेली ती डबी उघडली. गोळा गरम पाण्यात सोडून पातळ केला, फडक्यातून गाळला. फडक्यावर जे राहिलं ते पाहून अजूनही किळस आली. केस तुझे की बैलाचे कोण जाणे. बाबल नको नको म्हणत होता, जुनं मेण कुणी लावत नाही म्हणे. मी ऐकलं नाही. नाकावर, अगदी टोकाशी, दोन पावलं मावतील एवढ्या जागेत ते चोळलं. मेणाचा मूळचा नारळाचा आणि नालीचा, दोन्ही वास येतायत.

आता कबूल करते ते नीट ऐक. मी त्या टोकापर्यंत येणार आहे. या हंगामात गुडघ्यावर, मग पायावर, मग तुझ्यासारखी कैची टाकत. दहा नाही तर पाच बोटं तरी बाहेर काढीन. मला हा समुद्र आवडणार नाही, ते तू विसर. पण येईन. आणि माझी पावलं त्या मेणावर उमटली की पोळ्याला बोर्ड घरी नेईन, अंगणात आडवा ठेवीन आणि आईच्या हातात गरम पाण्याची बादली देईन. घालू दे तिला आंघोळ, मनासारखी. मेण काय, परत लावता येतं.

तेल मात्र लावू देणार नाही.

चिकट, खारट आणि अजून रागावलेली
तुझी वहिनी