'बाय'चा आशीर्वाद

३ मार्च
उशीर झाला, माफी. आठवडाभर लिहिण्यासारखं घडलं होतं, म्हणूनच लिहिलं नाही. मुलगा म्हणाला, बाबा, बाइंडिंगचं दुकान बंद करा, कटिंग मशीन विका, आमच्याकडे राहायला चला. म्हटलं, मशीन मी मेल्यावरच विकलं जाईल. आवाज जरा चढला. एरवी "येतो" म्हणून निघतो. या वेळी नुसतं "बाय". वळूनही पाहिलं नाही.
मला काही वाटलं नाही. झोप लागत नाही, ती चहामुळे. चहा बंद.

५ मार्च
मास्तरांची इंग्लिश डिक्शनरी बाइंडिंगला आली. पुठ्ठा निखळलेला. शिवण्याआधी 'बाय' शोधला. माझं इंग्लिश सातवीपर्यंतचं, पण समजलं. बाय म्हणजे गुडबाय, आणि गुडबाय म्हणजे मुळात 'देव तुमच्याबरोबर असो'. झिजून झिजून एवढंच उरलं. म्हणजे पोराने आशीर्वाद दिला, आणि मी उगाच!
चहा सुरू.

६ मार्च
हिला सांगितलं. म्हणाली, "तो गॅसवाल्यालाही बाय म्हणतो." हिला भाषेत गती नाही.

९ मार्च
मास्तर विचारून गेले. म्हटलं, सरस वाळतोय. अजून पानं शिवलेलीच नाहीत.
ठराव: आपण फोन करायचा नाही. बाप आहे. त्याचा आला की रागलोभ विसरून पहिल्या शब्दातच आशीर्वाद. आरशासमोर सराव केला. उत्तम जमतंय.

१४ मार्च, सकाळ
आला! "बाबा, मी बोलतोय," म्हणाला. मी सरावाप्रमाणे म्हणालो, "बाय." डोळ्यांत पाणी आलं म्हणून लगेच फोन ठेवला. फार छान झालं.

१४ मार्च, दुपार
ही म्हणते, "इतक्या दिवसांनी पोराने फोन केला, आणि तुम्ही दारातूनच हाकललंत!" मी डिक्शनरी उघडून दाखवली. म्हणाली, "ही त्याच्याकडे आहे का?"

१६ मार्च
ठराव मोडला. फोन लावला. उचलत नाही. कामात असेल. रविवारीसुद्धा कामं असतात माणसाला.

१९ मार्च
मास्तर डिक्शनरी सुतळीने बांधून घेऊन गेले. न शिवलेलीच. शेजारच्या शिंप्याला म्हटलं, मशीनला गिऱ्हाईक बघून ठेव. सहज, भाव कळावा म्हणून.
पोरा, लवकर फोन कर रे. माझ्याशी नको तर आईशी बोल. मी उचलला तर फक्त हॅलो म्हणेन. हॅलोचं मूळ बघायचं राहूनच गेलं, ते बरं झालं. तू मात्र ठेवताना "येतो" म्हण. तेवढं मला डिक्शनरीशिवाय कळतं.