पुढच्या टोकाचे सात रिव्हेट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी नावा बनवण्याच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणारी, आता घरीच असते. माझे डोके ठिकाणावर आहे, कान अर्धे गेले आहेत. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा कोणी गोड बोलले म्हणून करत नाही. मी सांगते आहे, सून लिहून घेते आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही, आणि पुन्हा करायला वेळ उरेल असे डॉक्टरांच्या तोंडावरून दिसत नाही.

कलम १. बँकेत जे काही निघेल ते सुनेला. मुलाने तोंड वाकडे करू नये. त्याच्या हातात पैसा टिकत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी, माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. मुलाला नोकरीवर घर मिळाले आहे, त्याने हरकत घेऊ नये. बहिणीला का, ते कलम ५ मध्ये सांगितले आहे.

कलम ३. समोरच्या शिंपीणबाईंनी माझी शिडी चार वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, पण मी मरताना दान केली असे चार लोकांत सांगावे. त्यांना चांगले झोंबेल.

कलम ४. रिव्हेट ठोकायची हवेची बंदूक, ड्रिल आणि लोखंडी ठोकळा ज्याला हे काम शिकायचे असेल त्याला द्यावे. त्याने एवढे समजून घ्यावे. पातळ अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की पत्रा वाकडा होतो आणि सांध्याजवळ मऊ पडतो. म्हणून आम्ही नावेचे पत्रे रिव्हेटने, म्हणजे धातूच्या आखूड खिळ्यांनी, जोडायचो. नीट बसलेला रिव्हेट ड्रिलने फोडल्याशिवाय निघत नाही. पण याला दोन माणसे लागतात. एक बाहेरून बंदूक चालवते, दुसरी आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर ठोकळा दाबून धरते, म्हणजे शेपटी चेपून पसरते. मध्ये पत्रा, त्यामुळे तोंड दिसत नाही, आणि त्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. म्हणून आतली पत्र्यावर ठोके देते. दोन ठोके म्हणजे नीट बसला, तीन म्हणजे बिघडला. तीन आले की बाहेरचीने त्या रिव्हेटभोवती खडूने गोल करायचा आणि शेवटी गोल केलेले सगळे बदलायचे.

कलम ५. माझी बहीण आत बसायची. नावेच्या पुढच्या निमुळत्या टोकात तीच एकटी मावायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिला कामाला मीच लावले होते.

सव्वीस वर्षांपूर्वी एका नावेचे टोक ठोकताना तिने सलग सात रिव्हेटना तीन-तीन ठोके दिले. मी ऐकले. मुकादम पाठीशी उभा होता, रंगारी डबे उघडून बसले होते, नाव संध्याकाळी न्यायची होती. मी एकही गोल केला नाही. ती घामाने निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, सात बदलायचेत ना?" मी म्हणाले, "दोनच ठोके आले गं सगळ्यांना. दमलीस तू." ती त्या सात रिव्हेटकडे बघून म्हणाली, "असेल."

तीन आठवड्यांनी भर पाण्यात त्या नावेचा सांधा उघडला. नावाडी बुडाला. चौकशीत मी दोनच ठोके सांगितले. तिने आधी तीन सांगितले, मग "मला तसं वाटतं" म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिचेही दोन झाले. बिघडलेल्या रिव्हेटना तिनेच दोन ठोके दिले असे ठरले; काम तिचे गेले, माझे राहिले.

त्यानंतर ती इस्पितळाचे कपडे धूत राहिली. घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येते, ओढून बघते. लोक तिला वेंधळी म्हणतात, मीही हसले आहे. माझी नात झाली तेव्हा तिने बाळाला हातात घेतले नाही. "माझ्या हातून काहीतरी होईल," म्हणाली. तेव्हाही मी गप्प बसले. आधी नोकरीची भीती होती, मग मुलगा लहान होता, आणि मी आजारी पडल्यावर तीच मला भरवायला येऊ लागली. मग तर तोंड उघडवेना. मला याची लाज वाटते, फार वाटते.

मुंगे, तीनच होते. साती वेळा तीन.

कलम ६. कलम ५ ची नक्कल नावाड्याच्या मुलीला नेऊन द्यावी. माफी मागायला मला तोंड नाही, पण तिला खरे कळले पाहिजे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. हे मी गेल्यावर वाचायचे होते. सुनेच्या पोटात राहिले नाही, तिने मावशीला फोन केला. धाकटी आली आणि उभ्याउभ्या दोनदा वाचले.

"तीनच होते?"

"तीनच."

"सव्वीस वर्षं, ताई. मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय."

मी रडले. ती रडली नाही. सह्यांसाठी वकील आपल्या कारकुनाला घेऊन आले. दुसरा साक्षीदार हवा होता, तेव्हा तिने हात पुढे केला. वकील म्हणाले, "बाई, तुम्ही सही केलीत तर घर मिळणार नाही. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"हे माहीत नव्हतं. आता कळलं. कुठे करू सही?"

मी म्हणाले, "घर घे गं. दुसरं काय आहे माझ्याजवळ द्यायला?"

"घर नको मला. तू हे माझ्यासमोर कबूल केलंस, त्याची साक्ष माझ्या नावाने राहू दे."

कलम २ आता चालणार नाही असे वकील सांगतात. तरी ते खोडू नये. कायद्याने घर ज्याला जायचे त्याला जाईल.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२२

लिहून ठेवणार: (सही) थोरली बहीण

साक्षीदार १: (सही) वकिलांचे कारकून

साक्षीदार २: (सही) धाकटी बहीण. धंदा, तिने सांगितला तसा: रिव्हेट कारागीर