वाटून खाल्लेल्या गोळ्या

मानपाडा, डोंबिवली पूर्व
शनिवार, दुपार

ती. कलावती वन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे मालनचा, वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? दिलेलं तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता? इकडे तुमचे बंधू ठणठणीत, सूनबाई रसिका मजेत, आणि मी तोंड सोडून बाकी सगळीकडून बरी आहे. फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि त्यानंतर मला बोलायला मिळतं ते थेट ‘ठेवते हं’. (रागावू नका, विठ्ठलवाडीपासून मानपाड्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांचा हाच अनुभव आहे.) तर सांगायचं असं, की मी मशेरी सोडली आहे. हातातली डबी खाली ठेवा आणि हे वाक्य परत एकदा वाचा.

झालं काय, तर दाढ दुखते म्हणून रसिका मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने दाढ राहू दिली बाजूला आणि डाव्या गालाच्या आत बॅटरी मारून बघत बसला. आत पांढरा चट्टा आहे म्हणाला. अजून तो आजार नाही, पण मशेरी चालू ठेवली तर होऊ शकतो, आणि बंद केली तर चट्टा जाऊही शकतो. वन्सं, मी फार घाबरले. रिक्षात घरापर्यंत रसिकाचा हात धरून बसले होते. त्याच डॉक्टरने सांगितलं, की ठाण्याला एका मोठ्या दवाखान्यात मशेरी लावणाऱ्या बायकांवर अभ्यास चालू आहे, सवय सोडवायची चघळायची गोळी देतात. रसिकाने दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

तिथे योगिनी नावाची डॉक्टर आहे, रसिकाच्याच वयाची. तिने मला चौदा पानी कागद वाचून दाखवला. त्यात ‘तुम्ही कधीही, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकता’ हे वाक्य निदान पाच वेळा आहे. (तुमच्या घरात आले तेव्हा असं एकदाही कोणी वाचून दाखवलं नव्हतं.) मग एका नळीत थुंकी द्यायला सांगितलं. वन्सं, आपण दोघी जन्मभर थुंकत आलो, पण ती कोणी झेलून, वर नाव लिहून, फ्रीजमध्ये ठेवल्याचं आठवत नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे गोळीची. अर्ध्या बायकांना खरं औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची, आत काही नसलेली गोळी. कुणाला कुठली ते बायकांना माहीत नाही आणि डॉक्टरलाही माहीत नाही. तुमचे बंधू म्हणाले, ते तर सगळीकडेच असतं, इथे निदान आधी सांगतात तरी.

योगिनी डॉक्टरने विचारलं, मशेरीची आठवण नेमकी केव्हा येते? मी म्हटलं, कोणी हाक मारली की. तिला कळलं नाही, तुम्हाला कळेल. लग्न होऊन आले तेव्हा पहाटेपासून ‘मालन, पाणी’, ‘मालन, भाकरी’ चालायचं. दुपारी मागच्या दारी तुम्ही तळहातावर चिमूटभर मशेरी दिलीत आणि म्हणालात, बस इथे. बाईच्या तोंडात मशेरी असली की सासूबाईसुद्धा हाक मारायच्या थांबत, कारण उत्तर यायचं नाही. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं माझी होती, आणि ती तुम्ही दिलीत. म्हणून सवय लावल्याचा राग तुमच्यावर मला कधी धरता आला नाही, आताही येत नाही.

आता मुख्य पराक्रम ऐका. दवाखान्यात मला कोलशेतची मंजुळा भेटली. खाडीकाठच्या जुन्या गावातली आहे, आवाज असा की डॉक्टर आतून दार लावून घेतात. तिच्या जावेला याच तोंडाच्या आजाराने नेलं. दुसऱ्या खेपेला मला म्हणाली, “माजी गोली म्हंजे निस्ता खडू हाय गो बाय. तुजी कशी?” माझी तर जिभेला चांगली झोंबत होती. आता सांगा, माझ्या तोंडात औषध आणि शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडात खडू, हे घशाखाली कसं उतरावं? मशेरी कधी एकटीने लावली नाही, अनोळखी बाईने हात पुढे केला तरी डबी पुढे करायची ही आपली रीत. तर औषध एकटीने खाऊ? आम्ही दर पंधरवड्याला जिन्याखाली बसून निम्म्या निम्म्या गोळ्यांची अदलाबदल करू लागलो. म्हणजे दोघींना अर्धं औषध, अर्धा खडू. न्याय तो न्याय. आणि गोळीची वेळ चुकू नये म्हणून रोज दुपारी मंजुळा फोन करायची. दोघी आपापल्या घरी गोळी चघळत बसायचो, आणि ती जावेच्या आठवणी सांगायची.

तीन खेपा निभावलं. पाचव्या खेपेला साठलेल्या रिकाम्या स्ट्रिपा परत देताना उघडकीस आलं, कारण प्रत्येक स्ट्रिपवर जिचा तिचा नंबर असतो. (आम्ही दोघींनी तो देवाचा फोटो असावा तसा भक्तिभावाने पाहिला होता, वाचला नव्हता.) योगिनी डॉक्टर आधी डोकं धरून बसली, मग हसली, मग चष्मा काढून पुसत राहिली. म्हणाली, मावशी, तुम्ही वाटून खाल्लंत तर गोळीने गुण येतो की नाही हे आम्हाला कळणार कसं, आणि ते कळलं नाही तर पुढच्या हजारो बायकांना ती द्यायची कशी? तेव्हा मात्र मी मान खाली घातली. आमचे आकडे धरायचे की नाही ते वरचे लोक ठरवतील, तपासणी मात्र चालू राहील. मंजुळाने विचारलंच, की खडू कुणाचा होता. डॉक्टर म्हणाली, कुणाला काय दिलं ते लिहिलेलं पाकीट अभ्यास संपल्यावर फुटेल, कदाचित दोघींचाही खडूच असेल. तेव्हापासून मी विचार करतेय, की खडू खाऊन दोन महिने मशेरी सुटली असेल, तर ती सोडवली कोणी? मला तर तो दुपारचा फोनच दिसतो.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार लिहावा, तर आता तुमच्याहून मोठं कोणी उरलं नाही, म्हणून सगळे नमस्कार तुम्हालाच.

तुमची,
मालन

ता. क. मशेरी सोडली हे वर लिहिलं ते खरं आहे, फक्त मागच्या मंगळवारी एकदा लावली. दवाखान्याच्या वहीत तसं लिहिलं आहे, मग तुमच्याशी खोटं कशाला बोलू? चट्टा कमी झालाय म्हणतात, गेलेला नाही.

आणखी एक ता. क. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं, बाकीचं सगळं धीर यावा म्हणून. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुम्ही खालचा ओठ ओढून मशेरी लावलीत. आत पांढरं आहे, वन्सं. माझ्यापेक्षा मोठं आहे. तेव्हा मला बोलता आलं नाही, चहा पिऊन निघून आले, आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. अभ्यासात घेतील की नाही माहीत नाही, पण योगिनी डॉक्टर तोंड तपासून देईल, मी विचारून ठेवलंय. गुरुवारी दहाला रिक्षा घेऊन दारात येते. कंबर दुखते, पाहुणे आलेत, कुत्रं चावलं, यातलं काहीही मी ऐकणार नाही. तुम्ही यायला नाही म्हणालात, तर तुमच्या मागच्या दारी येऊन बसेन आणि कितीही हाका मारल्यात तरी उठणार नाही.